कारागृहातील मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र : सहा वर्षांच्या अनुभवानंतरचे परीक्षण

स्वाध्यायाच्या पानांना लावलेल्या स्टेपलरच्या पिना काढून टाकणे, हे कारागृहातील अभ्यासकेंद्रावर शिकवायला जाणाऱ्या समंत्रकाचे पहिले काम असते. मुख्य दरवाजाशी मोबाइल, पाकीट आणि गाडीची किल्ली जमा करायची, नोंदवहीत वेळ टाकून सही करायची, झडती द्यायची आणि मग हातातला गठ्ठा शिपायापुढे ठेवायचा. तो एकेक स्वाध्याय उलगडून पिन उपसतो, कंपासपेटीतले कर्कटक बाजूला काढतो, पुस्तकांचे पुठ्ठे बोटांनी दाबून पाहतो आणि सुटी झालेली पाने परत आपल्या हाती देतो. पहिल्याच खेपेला तीस जणांची पाने एकमेकांत मिसळली आणि ती लावण्यात माझा पाऊण तास गेला. त्यानंतर मी घरूनच प्रत्येक स्वाध्यायाला पांढरा दोरा ओवून नेऊ लागलो, परीक्षेत पुरवण्या बांधतात तसा.

महाविद्यालयातून निवृत्त झाल्यावर सहा वर्षे, महिन्यातले दोन रविवार, मी राज्यातील एका मध्यवर्ती कारागृहात मराठी आणि इतिहास हे विषय शिकवले. रविवार अशासाठी की त्या दिवशी कारखाना विभागाचे काम बंद असते आणि बंद्यांना वर्गात बसायला मोकळीक मिळते. त्या कारागृहाचे किंवा विद्यापीठाचे नाव मी येथे घेणार नाही. ज्या उणिवा लिहायच्या आहेत त्या एका ठिकाणच्या आहेत, आणि तिथले काही विद्यार्थी आता सुटून आपापल्या गावी संसाराला लागले आहेत.

ही सेवा नेमकी काय आहे, हे बाहेर फारसे माहीत नसते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, १९८५ साली स्थापन झाले आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली. दोन्ही विद्यापीठांचे शिक्षण कारागृहांपर्यंत पोहोचलेले आहे. दिल्लीच्या तिहारमध्ये इग्नूचे केंद्र १९९४ मध्ये, किरण बेदी तेथे महानिरीक्षक असताना सुरू झाले. इग्नू बंद्यांकडून शुल्क घेत नाही. पदवीच्या खालच्या पायरीवर दहावी-बारावीसाठी राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे आणि त्याही खाली, अक्षरओळखीसाठी, २०२२ पासून सुरू असलेला नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे. कागदावर पाहिले तर 'अ'पासून एम.ए.पर्यंत एक सलग जिना तयार आहे. प्रत्यक्षात या जिन्याच्या वरच्या पायऱ्या भक्कम आहेत आणि खालच्या डुगडुगतात. या परीक्षणात मला मुख्यतः एवढेच सांगायचे आहे.

आधी जे चांगले आहे ते. मुक्त विद्यापीठाची घडण कारागृहासाठी केलेली नाही, पण ती तिथे इतकी चपखल बसते की आश्चर्य वाटावे. वयाची वरची मर्यादा नाही, रोजच्या हजेरीची सक्ती नाही, आणि शिक्षक समोर नसतानाही वाचता यावे अशा बेताने लिहिलेली पुस्तके हातात येतात. प्रत्येक घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मधे स्वतःला तपासून पाहण्याचे प्रश्न, शेवटी उत्तरे आणि सारांश. बाहेरच्या विद्यार्थ्याला ही रचना कंटाळवाणी वाटते, आणि खरे सांगायचे तर महाविद्यालयात असताना मीही तिला नाके मुरडली होती. परंतु ज्याला शंका विचारायला पुढच्या पंधरा दिवसांत कोणीही भेटणार नाही, त्याच्यासाठी घटकाच्या शेवटी छापलेली ती चार उत्तरे फार मोलाची असतात. एका विद्यार्थ्याने शिवकालीन महसूलपद्धतीवरचा घटक अकरा वेळा वाचला होता आणि दर वाचनाला समासात पेन्सिलीने एक उभी रेघ मारली होती. नियमित महाविद्यालयातल्या माझ्या तीस वर्षांत मला असा वाचक मिळाला नाही.

नाशिकच्या विद्यापीठाचे बोधवाक्य 'ज्ञानगंगा घरोघरी' असे आहे. बराकीला घर म्हणता येईल की नाही हा प्रश्न बाजूला ठेवू, पण तिथे ही गंगा कशी पोहोचते ते पाहण्यासारखे आहे. सकाळी सहाच्या सुमारास बराकी उघडतात, दुपारी काही तास पुन्हा बंद होतात आणि संध्याकाळी सहाच्या आत सगळे आत मोजले जातात. म्हणजे बारा तास एका बराकीत, आणि बारा तास हातात असले की अभ्यास भरपूर होईल, असे बाहेरच्या माणसाला वाटते. मलाही वाटले होते. परंतु साठ माणसांसाठी बांधलेल्या बराकीत त्याहून कितीतरी जास्त माणसे असतात, रात्री उशिरापर्यंत दूरचित्रवाणी सुरू असते, दिवा रात्रभर जळतो पण तो उंच छताला, आणि प्रत्येकाच्या वाट्याला येणारी जागा अंथरुणाएवढी असते. देशातील कारागृहांत २०२२ अखेर क्षमतेच्या १३१ टक्के बंदी होते. ही टक्केवारी अभ्यास करणाऱ्याला कोपराच्या भाषेत कळते, कारण वही उघडली की कोपर शेजाऱ्याला लागते. माझ्या चांगल्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी पहाटे चार ते सहा ही वेळ शोधून काढली होती. दूरचित्रवाणी बंद, भांडणे बंद, घोरणे तेवढे सुरू. एका अधीक्षकांनी परीक्षेच्या आधी दीड महिना परीक्षार्थींसाठी वेगळी बराक दिली होती. त्या वर्षीचा निकाल माझ्या सहा वर्षांतला सर्वांत चांगला लागला. त्यांची बदली झाली आणि बराक पुन्हा पूर्वीसारखी भरली. व्यवस्थेतली चांगली गोष्ट एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर उभी असते, याचे यापेक्षा सोपे उदाहरण मला देता येणार नाही.

आता तक्रारी. पहिल्या वर्षी पुस्तकसंच परीक्षेच्या जेमतेम सहा आठवडे आधी पोहोचले, कारण ते विद्यापीठाच्या विभागीय केंद्रातून कारागृहाच्या कार्यालयात आले आणि तिथे कोणाच्या नावे स्वीकारायचे हे ठरेना म्हणून कपाटात पडून राहिले. दुसरी तक्रार बदलीची. तृतीय वर्षाला असलेला एक विद्यार्थी परीक्षेच्या वीस दिवस आधी प्रशासकीय कारणाने दुसऱ्या कारागृहात पाठवला गेला. तिथे परीक्षाकेंद्र नव्हते, प्रवेशपत्र आमच्याकडे आले, आणि त्याचे वर्ष गेले. अधीक्षक कार्यालय आणि परीक्षा विभाग यांच्यात एका पत्राने सुटणारा हा प्रश्न आहे, पण ते पत्र लिहिण्याचे काम नेमके कोणाचे, हे ठरलेले नव्हते.

तिसरी तक्रार मला सर्वांत जास्त बोचते. पदवीची गुणपत्रके आली तेव्हा सगळ्यांनी आपले गुण पाहण्याआधी अभ्यासकेंद्राच्या नावाची ओळ पाहिली. तिथे कारागृहाचे नाव छापलेले होते. ज्या कागदासाठी चार वर्षे पहाटे उठायचे, तो कागद नोकरी देणाऱ्यापुढे ठेवताच आपला पूर्वेतिहास आपणच सांगून बसायचे, असा तो प्रकार होता. एकाने ती गुणपत्रिका चार घड्या घालून मला परत दिली आणि म्हणाला, "सर, ही तुमच्याकडेच राहू द्या." पुढे पत्रव्यवहार होऊन अभ्यासकेंद्राच्या नावाऐवजी केवळ सांकेतिक क्रमांक छापण्याचे मान्य झाले, ही त्यातली बरी गोष्ट. ज्या केंद्रांवर अजून नाव छापले जात असेल त्यांनी हा बदल आधी करून घ्यावा. त्याला खर्च येत नाही.

या सेवेची खरी मर्यादा मात्र छपाईत किंवा टपालात नाही. २०२२ अखेर देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे असे होते. चारांतले तीन. ज्याला आपण इथे आठ दिवस आहोत की आठ वर्षे हे माहीत नाही, त्याच्यापुढे तीन वर्षांचा शिक्षणक्रम ठेवणे म्हणजे फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला भाडेकरार वाचायला देण्यासारखे आहे. तो रोज तारखेची वाट पाहतो. तारखेच्या आदल्या दिवशी त्याचे लक्ष वर्गात नसते आणि तारखेच्या दुसऱ्या दिवशी तो वर्गात येत नाही. आमच्याकडे प्रवेश घेतलेला एक तरुण न्यायाधीन बंदी हुशार होता, पहिल्या वर्षाचे दोन पेपर उत्तम गेले, आणि तिसऱ्या पेपरच्या आधी त्याला जामीन मिळाला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्याची पुस्तके बराकीत राहिली आणि विद्यापीठाच्या लेखी तो गळतीच्या आकड्यात जमा झाला. सुटकेच्या वेळी हातात केंद्र बदलाचा अर्ज भरून दिला असता, गावाजवळच्या अभ्यासकेंद्राचा पत्ता दिला असता, तर कदाचित तो पुढे शिकला असता. सुटणाऱ्या माणसाला कपडे आणि पैसे मोजून परत देतात, त्याच टेबलावर हा एक कागद ठेवायला हवा. न्यायाधीन बंद्यांसाठी तीन-चार महिन्यांत पुरे होणारे आणि कुठेही पुढे जोडता येणारे छोटे प्रमाणपत्र शिक्षणक्रम पुढे आणले पाहिजेत. पदवीचा आग्रह तिथे निरर्थक आहे.

दुसरी मर्यादा अक्षरांची आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार कारागृहांतील सुमारे चतुर्थांश बंदी निरक्षर आहेत आणि साधारण चाळीस टक्के दहावीच्या आत शाळा सुटलेले आहेत. या दोघांची बेरीज केली की कळते, विद्यापीठाचे पुस्तक ज्यांना वाचता येते ते अल्पसंख्य आहेत. पण समारंभ होतो तो पदवीधारकांचा, छायाचित्र येते ते त्यांचे, आणि पाहुण्यांच्या भाषणात मंडालेचा उल्लेख येतो तोही त्यांच्याच निमित्ताने. १९०८ ते १९१४ या काळात मंडालेच्या तुरुंगात असलेल्या टिळकांशी तुलना ऐकून माझ्या वर्गातल्या कोणाच्याही चेहऱ्यावर काही उमटलेले मी पाहिले नाही. द्यायचाच तर धुळ्याचा दाखला जास्त जवळचा आहे. १९३२ साली फेब्रुवारी ते जून या काळात विनोबांनी तिथल्या तुरुंगात दर रविवारी एक याप्रमाणे गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. ठरलेला दिवस, ठरलेला विषय आणि ऐकून लिहिणारा एक माणूस, एवढ्यावर तो वर्ग चालला होता.

तिसऱ्या वर्षी अधिकाऱ्यांच्या परवानगीने मी पदवीच्या वर्गानंतरचा एक तास साक्षरतेला दिला, आणि या संपूर्ण सेवेतला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग तो आहे. आमच्याकडे जी जुनी प्रवेशिका होती तिच्यात पहिल्या पानावर बदक आणि कमळ होते. पन्नाशीच्या माणसाला बदक गिरवायला सांगणे मला जमले नाही. आम्ही पहिला शब्द घेतला 'तारीख'. हा शब्द तिथे दिवसातून शंभरदा उच्चारला जातो. त, र आणि ख ही तीन अक्षरे, एक काना आणि एक दुसरी वेलांटी हाती आली की त्यांतून रात होते, तार होते, खत होते आणि खीरही होते. खीर हा शब्द स्वतःच्या हाताने लिहिल्यावर वर्गात जे हसू पसरले ते मला अजून आठवते. पुढे जामीन, वकील, मुलाखत, मनीऑर्डर, माफी. शिकवण्याचे बरेचसे काम मी केलेच नाही. ते पदवीच्या वर्गातल्या दोघांनी रोज दुपारी बराकीत बसून केले. असे शिकवण्यासाठीही शिक्षाबंद्याला विशेष माफी, म्हणजे शिक्षेच्या दिवसांत सूट, मिळू शकते, हे त्यांना ठाऊक होते.

या वर्गात मराठवाड्यातला एक गवंडी होता. भिंतीचा ओळंबा नुसत्या नजरेने सांगणारा, पण सही अंगठ्याची. सात महिन्यांनी तो अडखळत वाचू लागला आणि त्याने सगळ्यांत आधी काय वाचावे, तर आपले हिस्ट्री तिकीट. शिक्षाबंद्याच्या या पत्रकावर त्याची शिक्षा, काम आणि मिळालेली माफी यांच्या नोंदी असतात. एका रविवारी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मार्चची माफी चढली न्हाई. मीच मोजली, दोनदा." तुरुंगाधिकाऱ्यांनी नोंदवही काढून पाहिली. मार्चची नोंद खरोखरच राहिली होती आणि ती तिथल्या तिथे करण्यात आली. साक्षरतेच्या शासकीय चाचणीत वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना पन्नास-पन्नास असे १५० गुण असतात. गवंड्याने त्या तिन्ही विभागांची परीक्षा त्या दिवशी एकदमच दिली, असे मला वाटले.

माफीचा विषय निघालाच आहे तर त्याविषयी. परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या शिक्षाबंद्याला महाराष्ट्रात तीन महिन्यांपर्यंतची विशेष माफी मिळू शकते, आणि म्हणून हे लोक शिक्षणासाठी नव्हे तर माफीसाठी शिकतात, असा आक्षेप मी कर्मचाऱ्यांच्या तोंडून, नातेवाइकांकडून आणि माझ्या स्वतःच्या घरातही ऐकला आहे. आक्षेप खोटा नाही. प्रवेशाच्या अर्जांची संख्या माफीच्या बातमीबरोबर वाढते, हे मी पाहिले आहे. परंतु वेतनवाढीसाठी बी.एड. करणारे आणि पदोन्नतीसाठी पीएच.डी. करणारे सहकारी ज्याने तीस वर्षे पाहिले त्याला या आक्षेपात दम वाटत नाही. माणूस वर्गात कशासाठी आला यापेक्षा तो सहाव्या महिन्यात का टिकून आहे हे पाहावे. २०१८ मध्ये नागपूर मध्यवर्ती कारागृहातील अरुण गवळी गांधीविचार परीक्षेत ८० पैकी ७४ गुण मिळवून पहिला आल्याची बातमी देशभर गाजली. अशा बातम्यांवर लोक हसतात किंवा भारावतात, आणि त्याच वर्षी त्याच परीक्षेला बसलेल्या उरलेल्या बंद्यांची आठवण कोणालाच होत नाही.

शिक्षणाने गुन्हेगारी कमी होते का, असे मला हमखास विचारले जाते. अमेरिकेतील रँड या संशोधनसंस्थेने २०१३ साली तिथल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, आणि तुरुंगात शिक्षण घेतलेल्यांच्या बाबतीत पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता, सांख्यिकीच्या एका विशिष्ट मापात, ४३ टक्क्यांनी कमी आढळली. साध्या टक्केवारीत हा फरक १३ टक्केबिंदूंचा होता. तो आकडा उत्साहवर्धक आहे, पण स्वतःहून वर्गात येणारा माणूस मुळातच बदलायला निघालेला असू शकतो, हेही ध्यानात ठेवायला हवे. मी स्वतः या सेवेचे मोल त्या एका मापाने ठरवणार नाही. अंगठा देणाऱ्याची सही झाली, हे त्याच्या पुढच्या वर्तनाची हमी मिळण्याआधीच योग्य आहे.

स्त्रियांच्या विभागाविषयी थोडक्यातच लिहितो, कारण माझे जाणे तिथे चार-पाच वेळाच झाले, आणि हे एवढेच जाणे हीच त्या विभागाची अडचण आहे. अभ्यासकेंद्र मुख्य आवारात, स्त्रियांना तिथे येता येत नाही, आणि समंत्रक तिकडे क्वचित पाठवले जातात. सहा वर्षांखालील मुले आईबरोबर राहू शकत असल्याने वर्गात मांडीवर मुले असत. एका मुलीने आईच्या पाटीवरची अक्षरे आईच्या आधी वाचून दाखवली होती. पुस्तके तीच, परीक्षा तीच, शिकवणे मात्र निम्म्याहून कमी.

विषयांची निवडही तोकडी आहे. प्रयोगशाळा नाही म्हणून विज्ञान नाही, संगणक अपुरे म्हणून संगणकाचे शिक्षणक्रम नावापुरते, त्यामुळे सरसकट बी.ए. आणि थोडे बी.कॉम. सुटून आल्यावर नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी आडवी येते आणि तिथे बी.ए.ची पदवी फारशी मदत करत नाही, हे विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या वेळीच स्पष्ट सांगायला हवे. स्वतःच्या हाताने करता येणाऱ्या उद्योगाचे शिक्षणक्रम अधिक हवेत. पैठणसारख्या खुल्या कारागृहात, जिथे बंदी रोज शेतातच असतात, तिथे माळीकाम किंवा रोपवाटिकेचे प्रमाणपत्र पदवीपेक्षा लवकर पोटाला लागेल.

गुण द्यायचेच असतील तर दीर्घ शिक्षा झालेल्या आणि दहावीपर्यंत शिकलेल्या बंद्याच्या दृष्टीने मी या सेवेला पाचपैकी चार देईन, न्यायाधीन बंद्याच्या दृष्टीने दीड, आणि निरक्षर बंद्याच्या दृष्टीने जिथे रोजचा वर्ग चालतो तिथे पाच व जिथे तो फक्त चाचणीच्या महिन्यात भरतो तिथे एक.

ज्यांच्या घरचे माणूस आत आहे आणि त्याला शिकायचे आहे, त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. प्रवेश अडतो तो शुल्कामुळे किंवा इच्छेअभावी नव्हे, तर शाळा सोडल्याच्या दाखल्यामुळे. अटकेच्या वेळी कोणी दाखला खिशात घेऊन येत नाही, गावची शाळा आतून आलेल्या पत्राला उत्तर देत नाही, आणि मुलाखतीच्या जाळीतून कागद देता येत नाही. तेव्हा दाखला आणि शेवटची गुणपत्रिका यांच्या साक्षांकित प्रती काढून त्या कारागृहाच्या कार्यालयात अर्जासोबत द्याव्यात, अर्जावर बंद्याचे पूर्ण नाव आणि बंदी क्रमांक लिहावा आणि पोच घ्यावी. इग्नूचे प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत होतात, म्हणून शाळेत हेलपाटे घालायला निदान दोन महिने आधी सुरुवात करावी. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या कार्यालयाला कुलूप असते, हे हिशेबात धरावे. आणि प्रतींना पिन लावू नये.